सोमीबाईची अकरावी गाठ

सोमीबाईच्या मागं चालणं म्हणजे स्वतःची फजिती स्वतःच्याच कानांनी ऐकणं होतं. मी भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेली. ओळीनं क्वार्टर, डांबरी रस्ते, सकाळी भोंगा झाला की वडील सायकलवर टांग टाकून निघायचे. वनरक्षकाच्या भरतीत मी धावण्यात पहिली आले होते, ते आईचं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालं होतं. वैनगंगेच्या पलीकडं गडचिरोलीतल्या एका बीटावर रुजू झाले तेव्हा बाकी काही येवो न येवो, चालता तरी येतं असा माझा समज होता. पहिल्याच फेरीत सोमीबाई थांबली, वळली, माझ्या नव्या कोऱ्या बुटांकडं बघितलं आणि म्हणाली, "गार्डबाई, तू येऊन राह्यली हे समद्या जंगलाले सांगून झालं. आता आपण पुढं जाऊन पाह्यचं काय?"

मी चिडले. मी तशी लवकरच चिडते, नवऱ्याला विचारा. पण दुसऱ्या दिवशी जुने कॅनव्हासचे बूट घालून गेले. तिनं पायांकडं बघितलं आणि गप्प राहिली. ती गप्प राहिली म्हणजे पसंत पडलं, एवढं कळायला मला वर्ष लागलं.

ती खात्यात रोजंदारीवर होती. काम एकच, जंगलात लोकांनी लावलेले फास शोधायचे आणि काढायचे. आमच्यासारख्या परीक्षा दिलेल्यांना दोन हातांवरचा फास दिसत नाही. पाला, वेल, सावली, सगळं एकच वाटतं. तिला दिसायचा, कारण ती फासे लावणाऱ्या घरात जन्मली होती आणि तशाच घरात दिली गेली होती. तिचा बाप तितर, लावे, ससे धरायचा. गाईच्या शेपटीच्या केसांचे लाव्यांचे फास ती सात-आठ वर्षांची असताना वळायला शिकली, त्या वयात आमच्या कॉलनीतल्या पोरी भातुकली मांडायच्या. ऑफिसात काही जण तिच्या पाठीमागं हसायचे, हिच्या घरी आज काय शिजलं असेल म्हणून. तिला ते ऐकू यायचं. पाल्यातून घोरपड चालली तर जिला ऐकू येते, तिला व्हरांड्यातलं हसणं ऐकू येणार नाही होय?

दिसायला बुटकी, काटक. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पोटऱ्यांवर गोंदण, हातात बांबूची काठी. ती काठी टेकून ती कधी चालली नाही. काठीचं टोक जमिनीपासून बोटभर वर, पाला चाचपत पुढं जायचं, आणि मागून ती. बोलणं कमी. मात्र सुरू झाली की एकेक वाक्य असं टाकायची की आपण रात्रभर त्याला उत्तर शोधत राहावं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी हट्टानं तिच्या पुढं झाले. किती दिवस कुणाच्या मागं चालणार? तेवढ्यात माझी वेणी मागं खेचली गेली, अशी की डोळ्यांत पाणीच आलं. आज हिला ऐकवायचंच म्हणून मी गर्रकन वळले. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. काठीनं माझ्या पुढच्या पावलाच्या जागेवरची दोन पानं सारली. खाली तारेचा फास होता, रानडुकरासाठी लावलेला. माझा पाय घोट्यापर्यंत त्यात बरोबर बसला असता.

"वेणी लांब ठेवली, बरं केलं," ती म्हणाली आणि फास सोडवायला खाली बसली. त्या दिवसापासून मी निमूट मागं. आजही पार्लरवाली म्हणते, मॅडम, केस कमी करू का, तर माझं मन होत नाही.

फास हातात आला की ती तो वाचायची. हा घाईत लावलाय, घरी काहीतरी बिनसलं असणार. हा म्हाताऱ्याचा, गुडघे वाकत नाहीत म्हणून वर बांधलाय. एकदा एक अगदी गबाळा फास सापडला, तो तिनं दोन बोटांत धरून वर केला आणि म्हणाली, हा मोबाईलात पाहून शिकला, ह्याच्या बापानं पाह्यलं तर ह्याले घरात घेणार नाई. कुणाचा फास ते तिला बहुतेक वेळा कळायचं. पण तिनं खात्याला कधी एक नाव सांगितलं नाही.

यावरून एकदा मोठंच झालं. नवे साहेब आले होते, तरुण, कामाला वाघ. त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं आणि सरळ विचारलं, हा फास कुणाचा आहे ते तुला माहीत आहे ना? ती म्हणाली, "फास सांगीन साहेब. माणूस नाई सांगणार." साहेबांनी कामावरून काढायची भाषा केली. तिनं काठी कोपऱ्यात उभी केली आणि घरी गेली. चार दिवस आम्ही सगळ्यांनी गणवेश घालून जंगल पालथं घातलं आणि एक फास सापडला, तोही माझा बूट अडकला म्हणून. पाचव्या दिवशी साहेब स्वतः तिच्या अंगणात गेले. माणूस मनानं चांगला होता, चूक कबूल करायला लाजला नाही. तिनं त्यांना खाट टाकून दिली आणि काही झालंच नाही अशी काठी घ्यायला आली.

मग ती नाव न सांगता करायची काय? ते मी एकदा डोळ्यांनी बघितलं. काढलेली तार हातात घेऊन ती त्या घराच्या अंगणात जाऊन बसली. घरची बाई लगबगीनं पाण्याचा लोटा घेऊन आली. सोमीबाईनं लोटा समोर ठेवून घेतला, त्याच्या शेजारी तार ठेवली, आणि पाणी प्यायली नाही. बस, एवढंच. आमच्या त्या भागात आलेल्या माणसानं दारचं पाणी न पिणं म्हणजे काय, ते सांगून कळायचं नाही. घरची बाई आत-बाहेर करू लागली. शेजारणी कुडापाशी जमल्या. मला तर पळून जावंसं वाटत होतं. सोमीबाई मात्र पीकपाण्याचं, कुणाच्या लेकीच्या बाळंतपणाचं बोलत बसलेली, लोटा तसाच भरलेला. बऱ्याच वेळानं घरातला माणूस आला, मान खाली घालून छपरात हात घातला आणि आणखी चार तारा काढून तिच्यासमोर ठेवल्या. तेव्हा तिनं लोटा उचलला आणि एका दमात रिकामा केला. त्या घरचा फास पुन्हा जंगलात सापडला नाही.

तिच्या सगळ्या सवयी मला आवडायच्या, एक सोडून. ती पानात घास टाकायची. डबा माझा असो की तिची शिदोरी, भात असो की भाकर, शेवटचा एक घास ती तसाच ठेवून उठायची आणि नंतर तो मुंग्यांना नाहीतर पाखरांना घालायची. आमच्या घरी आईनं कुणाला ताटात शीत ठेवू दिलं नाही. मी एकदोनदा मनात ठेवलं, तिसऱ्यांदा बोलले. एवढ्या लांबून वाहून आणायचं आणि टाकायचं कशाला, बाई? ती म्हणाली, "तो माहा घास नाई." देवाचा असेल, पितरांचा असेल, असं समजून मी गप्प बसले. दोन वर्षांनी एका दुपारी, मोहाच्या सावलीत जेवून बसलो असताना तिनं आपण होऊन सांगितलं.

तिच्या बापाचे नियम होते. फास लावून झाला की कमरेच्या दोरीला एक गाठ मारायची. काढला की गाठ सोडायची. गाठ फास लावल्यावरच मारायची, आधी नाही, आणि गाठ कधी कापायची नाही. उन्हं डोक्यावर यायच्या आत सगळे फास बघून झाले पाहिजेत, कारण अडकलेल्या जिवाला वाट बघायला लावायची नाही. आणि दोरीला गाठ बाकी असेपर्यंत पोटभर जेवायचं नाही. बाहेर कुणीतरी आपल्यामुळं अडकून बसलं असेल, आणि आपण इथं ढेकर देतोय, हे बापाला खपायचं नाही. म्हणून गाठ बाकी असली की घरातले सगळे एक घास ठेवून उठायचे. मी हे ऐकून थक्क झाले. शिकाऱ्याच्या घरात असं काही असेल हे माझ्या ट्रेनिंगच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं.

तिचा नवरा मानकू. डावखुरा, हसरा, हातात कला असलेला माणूस. पळसाच्या मुळ्यांच्या वाखाचा फास तो असा वळायचा की तिच्या माहेरचे लोकही बघायला यायचे, हे सांगताना ती अजून खुलायची. पुढं गावात मोटारसायकली आल्या आणि त्यांच्या मागून क्लचवायर आली. मानकूनं तारेचे फास करायला घेतले. दोघांचं भांडण झालं ते त्यावरून, आणि तेवढंच. ती त्याला म्हणायची, "वाखाचा फास पावसात मरते. तार मरत नाई." वाखाचा फास विसरला तरी श्रावणात कुजून जातो. तार माणूस विसरला तरी वाट बघत राहते. मानकू हसायचा, मी काऊन विसरीन म्हणायचा.

एके सकाळी त्यानं अकरा तारा लावल्या, दोरीला अकरा गाठी मारल्या आणि घरी आला तो अंगात हीव भरूनच. ताप डोक्यात गेला. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मधेच शुद्धीवर आला की दोरी चाचपायचा, नाल्याच्या काठानं हाय, नाल्याच्या काठानं, एवढंच बोलायचा. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याला माती दिली त्याच्या दुसऱ्या सकाळी सोमीबाई त्याची दोरी कमरेला बांधून जंगलात गेली. गावात बोभाटा झाला. बायका म्हणाल्या, हिला नवऱ्याचं काही नाही, मातीही वाळली नाही अजून. तिनं कुणाला उत्तर दिलं नाही.

त्या दिवशी तिला सात फास सापडले. सहा रिकामे होते. सातव्यात चितळाचं पिल्लू होतं, मरून दोन दिवस झालेलं. भोवतीची माती सगळी खुरांनी उकरलेली आणि बाजूला त्याच्या आईच्या पावलांचे ठसे, पुन्हा पुन्हा आलेले. हे सांगताना ती थांबली. काठीच्या टोकानं जमिनीवर तसे दोन ठसे काढून दाखवले आणि हातानं पुसले. मला रडू आलं, मी लपवलं नाही. तिनं त्यानंतर स्वतः एकही फास लावला नाही. पुढच्या काही महिन्यांत तिला आणखी तीन सापडले. दहा गाठी सुटल्या. अकरावी राहिली.

"तो माहा घास नाई," ती पुन्हा म्हणाली, "त्या फासात जे जाईन, त्याचा हाय."

मी बीटावर आले तेव्हा मानकूला जाऊन आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं ती एक घास ठेवून उठत होती. सुट्टीच्या दिवशी ती नाल्याच्या काठानं जायची, हे मला नंतर कळलं. नवीन फास शोधायला नाही, तो एक जुना शोधायला. मानकू नेहमी मनगटाएवढ्या रोपाला तार बांधायचा, ते वाकतं आणि तुटत नाही. म्हणून ती नाल्याच्या दोन्ही अंगांचं मनगटाएवढं प्रत्येक रोप बुंध्याशी वाकून बघायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. मीही पुष्कळदा सोबत गेले. खात्यानं जनावरांचे फोटो काढायचे कॅमेरे झाडांना बांधले तेव्हा तिनं ते न्याहाळले आणि म्हणाली, हा फास चांगला हाय, धरते आणि सोडून देते. माहा फास ह्यात दिसला तर सांग.

वर्षं गेली. तिच्या डोळ्यांवर धुकं चढलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते म्हणावं तसं जमलं नाही. आता फास दिसायचे बंद झाले, ती काठीनं आणि पायांनी ओळखू लागली, आणि तरीही आमच्यापेक्षा जास्त काढायची. पण सुट्टीच्या दिवशी नाल्याकाठी ती दोनदा पडली. मला भीती वाटू लागली की एक दिवस ही तिथंच राहील, आणि तीही एक घास उपाशी.

मग मी एक काम केलं, ते सांगायची मला लाज वाटते. गॅरेजवाल्याकडून क्लचवायरचा तुकडा आणला, मिठाच्या पाण्यात टाकून गंजवला, कोणीतरी काढून आणलेल्या एका फासाकडं बघून तसाच फास वळला. माझी बोटं सोलली. आठ दिवस मातीत पुरून ठेवला. आणि एका सकाळी तिच्या अंगणात जाऊन सांगितलं, बाई, नाल्याच्या वरच्या अंगाला सापडला, रिकामा होता. माझा आवाज मलाच खरा वाटला.

तिनं तार हातात घेतली. घाईनं नाही. गाठीवरून अंगठा फिरवला, पिळावरून फिरवला, एकदा, दोनदा. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं ते हळूहळू मावळलं. ते मावळताना मी बघितलं, आणि जन्मात विसरणार नाही.

"मानकू डावखुरा होता, गार्डबाई," ती म्हणाली. "पीळ उजवा हाय."

मी खाली बसले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तार माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, तुले माही काळजी, मले समजते. पण मी जेवली पोटभर, अन् त्या फासात कोणी गेलं, तर त्यानं कोणाले विचारायचं? मग उठून माझ्यासाठी चहा ठेवला. मी तो चहा कसा प्यायले ते मलाच माहीत. त्यानंतर कितीतरी दिवस मी तिच्या नजरेला नजर दिली नाही, आणि तिला दिसत नव्हतं तरी तिला ते कळत होतं.

माझी मुलगी ओवी भद्रावतीला माझ्या आईकडं शिकायला होती. मी बीटावर आले तेव्हा ती दोन वर्षांची होती, आणि ते पहिले काही महिने सोमीबाईनं तिला काखेत घेऊन फिरवलं होतं. नंतर ओवी सुट्टीत यायची तेव्हा कधी सोमीबाई लेकीकडं गेलेली, कधी आमचाच मुक्काम दोन दिवसांचा. भेट चुकत गेली. गेल्या उन्हाळ्यात ओवी बारा वर्षांची होऊन आली. मी तिला सोमीबाईच्या अंगणात घेऊन गेले.

"कुठी हाय पोरगी?" सोमीबाईनं हात पुढं केला, जमिनीपासून गुडघ्याएवढा वर, डोक्यावर हात ठेवायला. तिचा हात ओवीच्या मांडीला लागला. ती दचकली. हात वर नेला, कमरेला लागला. आणखी वर, खांद्याला. डोक्यापर्यंत पोचायला तिला टाचा उंचवाव्या लागल्या. आम्ही हसलो. मी म्हटलं, दहा वर्षं झाली ना बाई, तुम्ही तिला तेवढीच धरून बसलात.

ती हसली नाही. ओवीच्या डोक्यावर हात तसाच ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "गार्डबाई, मानकूनं तार कशाले बांधली असन?"

"मनगटाएवढ्या रोपाला. तुम्हीच तर सांगता."

"तवा मनगटाएवढं होतं ना ते," ती म्हणाली. "मी अठरा साल मनगटाएवढं पाह्यत राह्यली. ते रोप काऊन थांबून राहीन?"

माझ्या अंगावर काटा आला. आणि दुसऱ्याच क्षणी अशी शरम वाटली की बस. तिचं एक वेळ ठीक आहे. फास लावणाऱ्याची नजर रोपावरच जाते, जाडजूड झाड त्याच्या कामाचं नाही, लहानपणापासून ती नजर तशीच वळलेली. पण मी? मी तर दर वर्षी हातात टेप घेऊन झाडांचे घेर मोजते, यंदा इतकं वाढलं म्हणून वहीत लिहिते. तिच्यासोबत इतकी वर्षं त्या नाल्यावर गेले, इतक्या झाडांना टेकून पाणी प्यायले, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या सकाळी ओवीला सोमीबाईच्या सुनेपाशी ठेवून आम्ही दोघी निघालो. आता रोपं सोडून द्यायची होती. तिनं काठी माझ्याकडं दिली, गुडघे टेकले आणि एकेका झाडाचा बुंधा दोन्ही हातांनी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चाचपायला सुरुवात केली. मी दुसऱ्या बाजूनं तेच करत होते. साल, मुंग्या, गोचिड्या, काटे. तिचा हात माझ्या दुप्पट वेगानं फिरायचा. दुपारी उन्हानं परत यायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचो. तीन सकाळी अशा गेल्या. मी मनात म्हणत होते, ह्या वेळी सापडलं नाही तर ही बाई खचेल.

चौथ्या सकाळी तिनं हाक मारली. मोठ्यानं नाही, नुसतं "गार्डबाई" म्हणाली. धावड्याचं झाड होतं, माझ्या मांडीहून जाड. बुंध्यापासून वीतभर वर साल सगळीकडून सुजून आली होती, जुनी अंगठी निघेनाशी झालेल्या बोटासारखी. तिचा हात त्या सुजेवर होता. एका जागी सालीतून काळ्या तारेचं पेराएवढं टोक बाहेर आलेलं होतं.

खाली कुजलेला पाला वीतभर चढलेला. मी खुरप्यानं हळूहळू मोकळा केला. मुळांच्या जाळ्यात गंजलेली तार सापडली, आणि पुढं तिचा वेढा. मी हात लावणार तर तिनं मनगट धरलं. स्वतः बोटं घातली. आधी पीळ चाचपला. मग सरकगाठ चाचपली. मग वेढ्याच्या आतून बोट फिरवलं, पूर्ण गोल.

"डावा हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मोकळा हाय. लावला तसाच."

सरकगाठ वेढा उघडा असतानाच गंजून बसली होती. किती वर्षांपूर्वी, देव जाणे. तो फास कधीच आवळला गेला नव्हता, आणि पुढं तर आवळला जाणंच शक्य नव्हतं. त्यात कुणी गेलं नव्हतं. मी हे तिला समजावून सांगू लागले तर ती म्हणाली, मले समजलं, आता गप्प राह्य. धावड्याच्या बुंध्याला पाठ लावून ती बसली आणि रडली. मी तिला त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं.

मग तिनं कमरेची दोरी सोडली. त्या दोरीला हात लागून लागून काळी चकाकी आली होती. गाठ अशी बसलेली की खड्यासारखी कडक. मी खिशातला चाकू काढला आणि तिनं माझ्याकडं अशी मान वळवली की मी तो परत खिशात घातला. बाभळीचा काटा आणून दिला. ती काट्यानं कोरत राहिली, दातानं धरत राहिली, तेही मोजकेच उरलेले. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा गाठ सुटली. तारेचा वेढा तिनं हातानं मोडून घेतला. झाडातली तार मी काढू का विचारलं, तर म्हणाली, ते त्यानं धरलं हाय, राहू दे त्याच्यापाशी.

परतताना खात्याच्या नाक्यावर रजिस्टर भरायचं होतं. मी लिहिलं, तारेचा जुना फास, एक, काढला. शेवटचा रकाना असतो, फास लावणाऱ्याचं नाव, कळल्यास. सोमीबाईसोबत काढलेल्या प्रत्येक फासापुढं मी तिथं रेघ मारत आले होते. सवयीनं रेघ मारायला पेन टेकवलं.

"लिही," ती म्हणाली. "मानकू."

पंधराएक दिवसांत माझ्या बदलीचा कागद आला, आणि सामान बांधायच्या धांदलीत तिची-माझी नीट भेट झाली नाही. ह्या हिवाळ्यात ती गेल्याचं मला चंद्रपूरला फोनवर कळलं. तिच्या सुनेनं सांगितलं, झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही. मी फोन ठेवला आणि ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. पण मला ती आठवते ती त्या दिवशी दुपारची, नाक्यावरून उठून माझ्या क्वार्टरवर जेवायला आली तेव्हाची.

भात आणि लाखोळीचं वरण होतं, जवसाची चटणी होती. ती खाली बसून जेवली, नेहमीसारखी, न बोलता. शेवटचा घास राहिला तेव्हा तिची बोटं सवयीनं थांबली आणि ती उठायला लागली. अर्धी उठली. मग पुन्हा बसली. ताटात हात फिरवून तो घास शोधला, नीट गोळा केला आणि तोंडात घातला. चावायला तिला फार वेळ लागला. बोटानं ताट निपटून घेतलं, बोट चाटलं आणि रिकाम्या ताटावर हात ठेवला.

"गार्डबाई," ती म्हणाली, "भात हाय का अजून?"

होता. मी सगळाच तिच्या ताटात वाढला.